दुसऱ्याच्या पायरीवर

काकूंनी देवीकडं कधी काही मागितलं नाही. तुळजापुरात, देवळापासून हाकेच्या अंतरावर, पुजाऱ्याच्या घरात सून म्हणून आलेल्या बाईनं जन्मात काही मागू नये, हे सांगितलं की ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. त्या घरात येणारा प्रत्येक माणूस मागायलाच आलेला असे. कुणाला मूल हवं असे, कुणाला नोकरी, कुणाची म्हैस आटलेली, कुणाच्या लेकीला जावई नांदवत नसे. ही माणसं ओसरीवर पिशव्या टाकत, कल्लोळ तीर्थावर अंघोळ करून दर्शनाला जात, काकूंच्या हातचं जेवत आणि जाताना मन हलकं करून जात. काकू सगळ्यांचं ऐकून घेत. त्यांचं स्वतःचं कुणी विचारलं तर म्हणत, "मागणारे लई हायेत. त्यांचं आटपू दे आधी."

देवळात एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर काम होणार, डावीकडं फिरला तर नाही होणार. माझ्या बारावीच्या निकालाआधी मी त्यावर हात ठेवून आले होते. काकूंना ते कळलं तेव्हा त्या हसल्या. त्यांनी आयुष्यात त्या दगडाला हात लावला नव्हता. म्हणाल्या, "त्याला तरी किती फिरवायचं गं. मानूस असता तर चक्कर येऊन पडला असता."

त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी तामलवाडी. "ए तामलवाडी, ते झाकण दे." "तामलवाडी जेवली का बघा रे." त्या सगळ्यांनाच गावाच्या नावानं ओळखत. पुजाऱ्यांच्या घरांतली ती पद्धतच आहे. प्रत्येक गावाचा, प्रत्येक घराण्याचा पुजारी ठरलेला असतो. आमच्या पणजोबांचे वडील ज्या ओसरीवर उतरले, त्याच ओसरीवर आम्ही उतरायचं. पुजाऱ्यानंही दुसऱ्याचा यात्रेकरू आपल्या दारात घ्यायचा नाही. काका, म्हणजे काकूंचे यजमान, याबाबतीत फार कडक होते. एकदा परभणीकडचं एक कुटुंब चुकून काकांच्या ओसरीवर टेकलं. काकूंनी त्यांच्या हातात चहा दिला. बोलता बोलता गावाचं नाव निघालं आणि काकांच्या लक्षात आलं की हे गाव पलीकडच्या बोळातल्या पुजाऱ्यांचं आहे. काकांनी त्यांचा चहा होऊ दिला, मग त्यांच्या पिशव्या स्वतःच्या खांद्यावर घेतल्या आणि त्या पुजाऱ्यांच्या पायरीवर नेऊन ठेवल्या. परत आल्यावर म्हणाले, "पुजारी बदलत नसतात आणि यात्रेकरू पळवत नसतात." हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या कानाला ते आरतीसारखं झालं होतं.

मी त्या घरात राहिले ती शिकण्यासाठी. आमचं गाव सोलापूर रस्त्यावर, तुळजापूर तालुक्यातलंच. पण यात्रेच्या दिवसांत गाड्या भरून येत आणि आमच्या फाट्यावर थांबत नसत. तुळजापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालत. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, आणि मुलीनं खोली घेऊन राहणं तर वडिलांना ऐकवतच नव्हतं. ते काकांकडं सल्ला विचारायला गेले. काका काही बोलायच्या आत काकू आतून म्हणाल्या, "वरची खोली रिकामीच हाय. तिथं ऱ्हाईल." वडिलांनी गावात सांगितलं की पोरगी पुजाऱ्याच्या घरात राहते. त्यावर कोण काय बोलणार?

पहिल्या दिवशी मी पहाटे उठून पोळपाटाशी जाऊन बसले. वाटलं, फुकट राहतो तर एवढं करावं. काकूंनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. म्हणाल्या, "लाटनाऱ्या मला लई मिळत्यात. शिकनारी एकच हाय. वर जा." यात्रेकरू बायका विचारत, ही कोण? काकू सांगत, "ही बी मुक्कामालाच आलीय. जरा लांबचा मुक्काम हाय." मी आज धाराशिवच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्याची सुरुवात त्या काढून घेतलेल्या लाटण्यापासून झाली, असं मी मानते.

काकूंचा स्वयंपाक मोठ्या भांड्यांचा. नवरात्रात तर भाताची पातेली दोघींनी धरून उतरवावी लागत. शितावरून भाताची परीक्षा, असं मी एकदा पुस्तकी थाटात म्हणाले. काकू म्हणाल्या, ते चौघांच्या घरात. मोठ्या पातेल्यात कडेचं शीत वेगळं, मधलं वेगळं आणि बुडाचं तिसरंच. त्या उलथन्यानं तीन जागचा भात काढून बोटानं दाबून बघत आणि मगच भट्टी बंद करत. कधी गडबडीत एकाच जागचं शीत बघितलं तर भात कच्चा राही आणि काकू कुणालाही दोष न देता स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत.

त्या घराला कुलूप नव्हतं. म्हणजे कुलूप लावायची वेळच कधी आली नव्हती. पहाटेच्या चरणतीर्थ पूजेला आलेला माणूस थेट ओसरीवर यायचा. दुपारी कुणी जेवायला, संध्याकाळी कुणी पिशवी ठेवायला. घर उघडं, त्यामुळं काकू आत. माहेरी बार्शीकडं जाऊन आल्या तरी दुसऱ्या दिवशी परत. कुणाच्या लग्नाला जायचं ठरलं की नेमकी काकांची देवळातली पाळी यायची. पुजाऱ्यांना पूजेच्या पाळ्या ठरवून दिलेल्या असतात, त्या टाळता येत नाहीत. काकूंना कितीतरी गावांची माणसं माहीत होती. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुठल्या गावच्या सरपंचाचं पोरगं पळून गेलं, सगळं ठाऊक. पण यातलं एकही गाव त्यांनी बघितलं नव्हतं.

त्यामुळं पहिल्यांदा सोलापूरला जाताना त्या गाडीच्या काचेला चिकटून बसल्या होत्या. पोटात दुखतं, ते पाठीत जातं, जेवण जात नाही, असं श्रावणापासून चाललं होतं. ओवा झाला, लिंबाचं लोणचं झालं, तुळजापुरातल्या डॉक्टरांची गोळी झाली. अंगावरचं पोलकं सैल पडायला लागलं तेव्हा त्या डॉक्टरांनीच सोलापूरला तपासणीसाठी पाठवलं. मी तोवर धाराशिवला शिकवायला लागले होते, विज्ञानवाली म्हणून बरोबर गेले. आमचा फाटा आला तसं मी बोट दाखवलं. काकू मागं वळून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं जवळ हुतं व्हय गं?"

स्वादुपिंडात गाठ निघाली. सुईनं तिचा एक कण काढून तपासायला पाठवला. अहवाल आला तो मी मराठी करून ओसरीवर सांगितला. स्वादुपिंडात दोन तऱ्हेच्या पेशी काम करतात. एक तऱ्हा अन्न पचवणारा रस करते, दुसरी रक्तातली साखर सांभाळणारी द्रव्यं. गाठ बहुतेक वेळा यातल्या एकाच तऱ्हेच्या पेशींची असते. काकूंच्या कणात दुसऱ्या तऱ्हेच्या पेशी दिसल्या होत्या. ही गाठ बहुधा सावकाश वाढते, माणसं तिच्यासह बरीच वर्षं राहतात, ऑपरेशन करून काढता आली तर उत्तमच. काकांनी ऐकलं आणि देवळाच्या दिशेनं हात जोडले. त्यांनी त्यातला एकच शब्द पकडला होता, सावकाश.

सोलापूरच्या डॉक्टरांनी मात्र आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली होती. नमुना लहान आहे, गाठ मोठी आहे. पुण्याला मोठ्या ठिकाणी दाखवून घ्या, वेळ घालवू नका, मी चिठ्ठी देतो. माणूस शांत आणि स्पष्ट बोलणारा. मी मान डोलावली. काका मात्र अस्वस्थ झाले. गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "सायेब रागावले का गं आपल्यावर?"

मला कळेना की ते काय म्हणतायत. मग माझ्या लक्षात आलं. पुजाऱ्यांच्या बोळात "बघा की दुसरीकडं कोण मिळतंय का" या वाक्याचा अर्थ दुसरीकडं जा असा कधीच नसतो. एखादा यात्रेकरू आधी लॉजवर उतरून उशिरा ओसरीवर आला की काका स्वतः हेच म्हणत. त्याचा अर्थ, तुम्ही मला परकं केलंत, मला वाईट वाटलं, आता समजूत काढा. डॉक्टरांच्या तोंडून तेच ऐकल्यावर काकांना वाटलं, आपल्याकडून काहीतरी चुकलं. आठवडा उलटायच्या आत ते एकटेच सोलापूरला गेले. नारळ, कुंकू, देवीचा प्रसाद घेऊन गेले. तुम्हीच आमचे, आम्ही दुसऱ्याच्या पायरीवर चढणार नाही, असं सांगून आले. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी प्रसाद कपाळाला लावला, हसले आणि पुन्हा म्हणाले की पुण्याला जाऊन या. काका घरी येऊन समाधानानं म्हणाले, "सायेब हसले. राग गेला."

मी त्यांना समजावून बघितलं. काका, ते खरंच सांगतायत, डॉक्टरांत तसं वाईट वाटून घेत नाहीत. काका माझ्यावर चिडले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "तू शिकलीस, पर तुला मानसं कळत न्हाईत अजून. मानूस तोंडानं जा म्हनतो तवाच त्याला धरून ऱ्हायचं असतं." हा माणूस उभ्या जन्मात कुणाशी बेइमान झाला नव्हता. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नजर पातेल्याकडं वळवली.

शिवाय नवरात्र तोंडावर होतं. घर भरणार होतं. नवरात्रामागून पौर्णिमेची यात्रा. सोलापूरहून माणसं चालत येतात, त्यांचे पाय सुजलेले असतात, त्यांना गरम पाणी लागतं. पौर्णिमा झाली की ऑपरेशनचं बघू, असं ठरलं. काकूंनीही मान हलवली. त्या दिवसांत मी शनिवारी शाळा सुटली की तुळजापूरला जात असे. काकू भट्टीशी उभ्या राहायच्याऐवजी स्टूलवर बसून सांगत, हे घाल, ते काढ. गुडघे सुजले होते. नडग्यांवर लालसर, दुखऱ्या गाठी उठल्या होत्या. मला त्या दिसल्या त्या पाय शेकताना पातळ थोडं वर सरकलं म्हणून. काकूंनी लगेच पातळ खाली ओढलं. म्हणाल्या, भट्टीची धग लागलीय. सोलापूरच्या डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं नव्हतं. पोटाच्या डॉक्टरला पाय कशाला दाखवायचे, आणि तेही पुरुषाला?

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा यात्रा संपली होती आणि ओसरी जरा रिकामी होती. काका देवळात होते. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या. पातेल्याचं झाकण उचलायला गेल्या होत्या आणि ते त्यांच्याच्यानं उचललं नव्हतं. मी आत जाऊन ते उचललं आणि त्यांच्याजवळ बसले. बराच वेळ त्या माझा हात धरून होत्या.

"तामलवाडी, एक मागू का?"

मला वाटलं पाणी हवंय. मी उठायला लागले.

"बस. मला पुन्याला ने."

मी परत बसले. त्याच पुढं म्हणाल्या की चोरून जायचं नाही. यांना मीच सांगते, तू नुसती शेजारी उभी राहा.

काका आले. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं. काकांनी तांब्या खाली ठेवला आणि सवयीनं तेच वाक्य सुरू केलं, पुजारी बदलत नसतात. काकूंनी ते वाक्य त्यांना पुरं करू दिलं नाही. इतक्या वर्षांत मी असं घडलेलं बघितलं नव्हतं.

"तुमचं यात्रेकरू तुमच्या दारात ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी कुनाची यात्रेकरू न्हाय. मी आजारी हाय."

काका उठून बाहेर गेले. आम्हाला वाटलं, रागावून गेले. थोड्या वेळानं ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात कुलूप होतं. शेजारच्या बांगडीवाल्याकडून मागून आणलेलं. घरातल्या दाराचा कोयंडा इतका गंजला होता की त्यात ते बसेना. काकांनी दगडानं ठोकून ठोकून कोयंडा सरळ केला. बोळातले लोक जमा झाले आणि बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, आता देवळालाच कुलूप लावता काय? काका ठोकत राहिले.

वाटेत सोलापूरला थांबून तपासलेला तुकडा घ्यायचा होता. काका आत यायला तयार नव्हते. बायकोचं दुखणं घेऊन दुसऱ्याकडं निघालो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शेवटी आले. डॉक्टरांनी आम्हाला बघून खुर्च्या द्यायला सांगितल्या आणि मोकळेपणानं म्हणाले, बरं झालं, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. काका जमिनीकडं बघत उभे होते. मेणात बसवलेला तो तुकडा आणि काचपट्ट्या एका छोट्या डबीत दिल्या. काकूंनी पुण्यापर्यंत ती डबी मांडीवर धरली. "एवढुशात मी मावली व्हय," असं मध्येच एकदा म्हणाल्या. काकांविषयी त्या एवढंच बोलल्या, तेही काकांना झोप लागल्यावर. खरं बोलणारा माणूस यांना रुसलेला वाटला, त्याला कोण काय करणार?

पुण्याच्या डॉक्टरांनी जुनी चित्रं आणि नवी चित्रं शेजारी लावून बघितली. सावकाश वाढणारी गाठ एवढी वाढायला नको होती. त्यांनी काकूंना विचारलं, सांधे दुखतात का, पायावर काही उठलंय का? काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग पातळ नडगीपर्यंत वर घेतलं. डॉक्टर खाली वाकले आणि बोटानं दाबून बघत राहिले. त्यांनी पुन्हा नमुने घेतले, या वेळी वेगवेगळ्या जागचे, आणि तुकड्यांना निरनिराळे रंग देऊन तपासायला सांगितले.

गाठ मिश्र निघाली. रस करणाऱ्या पेशी आणि साखर सांभाळणाऱ्या पेशी, दोन्ही एकाच गाठीत, एकमेकींत मिसळलेल्या. पहिली सुई जिथं गेली तिथं दुसऱ्या तऱ्हेच्याच होत्या, म्हणून पहिल्या अहवालात तेवढंच दिसलं. त्यात कुणाची चूक नव्हती. रस करणाऱ्या पेशी वाट्टेल तसा रस सोडत होत्या, तो रक्तातून पायापर्यंत जाऊन कातडीखालची चरबी जाळत होता. त्याच्याच त्या नडगीवरच्या गाठी. यकृतावरही डाग आले होते. हे सगळं डॉक्टरांनी काकूंसमोर सांगावं की नाही, यावर काकूंचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि मी बाहेर बोलत होतो. काकूंनी आतूनच हाक मारली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, हितंच सांगा, मला समजतंय. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कडेचं शीत शिजलेलं बघून भट्टी बंद केली. मीच फसली."

काकांनी मात्र वेगळंच विचारलं. मग ही गाठ नेमकी कुणाची? या डॉक्टरांची का त्या डॉक्टरांची? ऑपरेशनचे डॉक्टर म्हणत, यकृतावर गेलंय, आता चाकू लावणं कठीण. एका तऱ्हेच्या पेशींसाठी महिन्याचं इंजेक्शन असतं, त्याचे डॉक्टर वेगळे. दुसऱ्या तऱ्हेसाठी सलाइनमधून औषध द्यायचं, त्याचे वेगळे. दोन्ही मिसळल्यावर काय द्यायचं, यावर त्यांची बैठक झाली. अशी गाठ फार थोड्यांना होते, त्यामुळं पक्कं असं कुणालाच सांगता येत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ज्या माणसाला प्रत्येक गावाचं घर ठाऊक होतं, त्याला आपल्या बायकोच्या दुखण्याचं घर कुणी सांगेना. निघताना काकांनी डॉक्टरांची बाही धरली. आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, खरंच सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर काका रडून मोकळे झाले असते, नाही म्हणाले असते तर शांत झाले असते. त्यांना दोन्ही मिळालं नाही.

उपचारासाठी काकू मुलाच्या घरी राहिल्या. मुलगा कारखान्यात पाळीवर जाई, जाताना बाहेरून कडी लावून जाई, कारण त्यांना उठून दार उघडायचा त्रास नको. जन्मभर उघड्या घरात अडकलेली बाई आता बंद घरात अडकली. मी भेटायला गेले तेव्हा गॅलरीत बसल्या होत्या. समोर दुसऱ्याची गॅलरी, तिच्यात वाळत घातलेले कपडे. "हितं कुनी येत न्हाय गं," त्या म्हणाल्या. "आलं तरी गाव सांगत न्हाय." सलाइन लावायच्या खोलीत मात्र त्या खुलत. शेजारच्या खाटेवरच्या बाईला पहिला प्रश्न, गाव कोणतं? एक परंड्याची निघाली, एक कळंबची. नर्सलाही त्या लातूर म्हणून हाक मारत. तिनं कधी तक्रार केली नाही.

औषधानं नडगीवरच्या गाठी विरल्या. पायाची सूज उतरली. आम्हाला वाटलं, जमलं. पुढच्या तपासणीत कळलं की गाठीतल्या एका तऱ्हेनं माघार घेतली होती आणि दुसरी तिच्या जागेवर वाढली होती. औषध बदललं. मग काकूंना ते सोसेना. त्यांनी गावाकडं न्यायला सांगितलं आणि कुणी वाद घातला नाही.

तुळजापुरात आल्यावर काकांनी कुलूप काढलं आणि बांगडीवाल्याला परत दिलं. आतल्या खोलीत काकूंची खाट टाकली. यात्रेकरू येत, पण दबक्या आवाजात बोलत, आणि काकूंना तेच आवडत नसे. त्या म्हणत, मोठ्यानं बोला की, मी झोपलेली न्हाय. मी शेवटची भेटले तेव्हा चैत्र होता. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. मला एक गोष्ट विचारायची होती आणि विचारवत नव्हती. त्यांनी ती ओळखली असावी.

"ह्यांच्यावर राग धरू नको," त्या म्हणाल्या. "ह्यांनी जल्मात दुसऱ्याचा यात्रेकरू वढला न्हाय. तो मानूस मला दुसरीकडं कसा धाडंल? मीच आधी म्हनायला पायजे हुतं. पर मला मागायची सवय न्हवती."

मी तेल लावत राहिले. पुढं त्या माझ्या शाळेविषयी विचारत होत्या. पोरी किती आहेत, लांबून येणाऱ्या कुठं राहतात? एका मुलीची एसटी चुकते म्हणून ती शाळा सोडणार आहे, असं मी सांगितलं. काकूंनी तिचं गाव विचारलं. मी सांगितलं. "मग तुज्याकडं खोली न्हाय का?" असं त्या म्हणाल्या. ती मुलगी आता माझ्याकडं राहते. चैत्र संपायच्या आत काकू गेल्या.

या वर्षी नवरात्रात वडिलांना घेऊन मी दर्शनाला गेले. काका बारीक झाले आहेत. स्वयंपाकाला दोन बायका ठेवल्या आहेत. ओसरीवर भूम तालुक्यातलं एक जोडपं बसलं होतं. बाई पन्नाशीची असेल, चेहरा ओढलेला. नवरा सांगत होता की हिला पोटात गाठ निघालीय, ओटी भरायला आलोय, देवीनं बघावं. बाईनं पिशवीतून हिरवं पातळ, खण आणि नारळ काढून ताटात ठेवला होता. काका नारळाला कुंकू लावत होते. त्यांनी सहज विचारलं, किती डॉक्टरांना दाखवलं?

नवरा म्हणाला, एकालाच. आमच्या वडिलांपासून तेच आहेत. लई चांगला माणूस.

काकांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, ते आणखी कुणाला दाखवा म्हणाले का? नवरा हसला. म्हणाला, म्हणाले की, पुण्याला जा म्हणाले. आता त्यांचं एक बोलणं असतं. आपण थोडंच जायचं?

काकांनी नारळ ताटात ठेवला आणि ताट त्या बाईकडं सरकवलं. म्हणाले, ओटी मी आता घेत नाही. पुण्याला जाऊन या, मग भरू. नवऱ्याला ते लागलं. आमच्या आजापासून आम्ही याच पायरीवर येतो, तो म्हणाला, आणि तुम्ही आमची ओटी परत करता? डॉक्टर असो का पुजारी, आम्ही बदलत नसतो.

"मीबी हेच म्हनत हुतो," काका म्हणाले.

नवरा दाराकडं बघत होता. त्या बाईनं एकदा काकांकडं बघितलं. मग तिनं ताटातलं हिरवं पातळ उचललं, त्याची घडी नीट केली आणि ते पुन्हा पिशवीत ठेवलं.